आधी वेलांटी, मग अक्षर

काका टाइप करायला बसले की सगळ्यात आधी कॉम्प्युटरचा पडदा अंधारा करायचे. मॉनिटरच्या खाली एक गोल बटण होतं, ते डावीकडे पूर्ण फिरवायचे. अक्षरं दिसेनाशी झाली की मजकुराचा कागद समोरच्या पत्र्याच्या चिमट्यात उभा करायचे आणि मग दहाही बोटं चालू. पान संपलं की बटण उजवीकडे. पडद्यावर अख्खं पान तयार असायचं, आणि त्यात चूक नसायची.

"पडद्याकडे पाहून टाइप करनारा मानूस," ते म्हणायचे, "अन् पायाकडे पाहून चालनारा मानूस. दोघंबी पोचतात. पन लोकं हासतात."

मी पायाकडे पाहून चालणारी आहे. त्यामुळे हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी माझे पाय स्टुलाखाली घेतले.

काका म्हणजे माझे कोणी नव्हेत. चिखलीला माझ्या मामाचा छापखाना आहे, तिथले ते टाइप करणारे. लग्नपत्रिका, शाळांचे कार्यक्रम, निवडणुकीची पत्रकं, दशक्रियेची कार्डं असं सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. त्याआधी वीसेक वर्षं ते कचेरीसमोरच्या लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. मामाने छापखान्यात कॉम्प्युटर आणला तेव्हा त्यातला मराठीचा प्रोग्राम टाइपरायटरच्याच पद्धतीने चालतो हे पाहून ते आले. मी तिथे गेले तेव्हा त्या यंत्राला पंधरा वर्षं होत आली होती.

मी तिथे कशी आले, हे सांगताना माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही. मी बुलढाण्याला इंग्रजी शाळेत शिकले, पुढे कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि पुण्यात पाच मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता: स्वतःबद्दल काहीतरी सांगा. मला खरंच काही आठवायचं नाही. पाचव्या वेळी तर मी "थँक यू" म्हणून उठून आले, आणि त्यांनीही थांबवलं नाही.

मग मामा आईला म्हणाला, "पाठव तिले माह्याकडे." मला मात्र त्याने बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. "नवा कॉम्प्युटर आनला हाय. आता सगळीकडे नव्याच फायली लागतात, बुढ्याच्या फायली कोनाकडे उघडत नाईत. दोन महिने त्याच्या बाजूले बस, पाह्य काय करते ते. मंग त्याले म्हनू, आता घरी आराम करा."

मी काही बोलले नाही. माझ्या न बोलण्याचा अर्थ लोक होकार असा घेतात, आणि मलाही ते सोयीचं पडतं. अशा रीतीने एका म्हाताऱ्या माणसाची खुर्ची घ्यायला मी त्याच्याच शेजारी स्टूल टाकून बसले, आणि पहिल्याच दिवशी त्याने मला अर्धा चहा बशीत ओतून दिला.

"मराठी टाइप येते?" काकांनी विचारलं.

मी हो म्हटलं. नव्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी उमटायची सोय होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने गावाचं नाव लिहून दाखवलं. पडद्यावर आलं: चिख्ली.

काका चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले. "हे कोनतं गाव?"

"चिखली."

"चिखली नाई हे. चिखलीचं कोनी तरी तोंड दाबलं."

त्यांची बोलण्याची भाषा आणि छापण्याची भाषा यांच्यात सख्य नव्हतं. तोंडाने ते दिवसभर मले-तुले करायचे, पण कोणी लिहून आणलेल्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर कागद गिऱ्हाइकाला परत द्यायचे. "बोलनं मायचं, छापनं मास्तरचं," हा त्यांचा कायदा. माझं उलटं होतं. मी बोलायचे पुस्तकासारखं आणि लिहायचे कशासारखं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. आकड्यांचं तर विचारायलाच नको. मुहूर्त 'नऊ वाजून एकोणपन्नास मिनिटे' असा असला की मी टेबलाखाली बोटं मोजायचे. काका तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहायचे.

त्यांच्या यंत्राची बडदास्त पाहण्यासारखी होती. चपला काढल्याशिवाय त्याच्यासमोर बसायचं नाही. फ्लॉप्या चकलीच्या स्टीलच्या डब्यात, डांबरगोळ्या घालून. यंत्राच्या पाठीमागे, प्रिंटरच्या जागी, आगपेटीएवढी एक काळी वस्तू खोचलेली असायची. ते त्या मराठी प्रोग्रामचं कुलूप. ते नसलं तर प्रोग्राम उघडायचा नाही. काका त्याला ताईत म्हणायचे आणि दसऱ्याला त्यालाही कुंकू लावायचे. नव्या कॉम्प्युटरचा माउस पाहून त्यांनी मामाला विचारलं होतं, "कागद कुरतडाले अथी काय उंदरं कमी होते, म्हनून इकत आनला?"

टाइपिंगचा त्यांचा धडा मला पहिल्या आठवड्यातच मिळाला. "वाचताना डोयाले आधी काय दिसते? वेलांटी. मंग आधी वेलांटी, मंग अक्षर. 'ण' लिहाचा तर आधी अर्धा ण, मंग त्याले काना. जसं दिसते तसं." मी सांगितलं की नव्या पद्धतीत आधी अक्षर दाबायचं, मग वेलांटी, कारण उच्चार तसा असतो. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "कॉम्प्युटरले कान हाय का?"

मी तिथे आल्यावर महिनाभराने ते यंत्र गेलं. काकांनी पान संपवून बटण उजवीकडे फिरवलं, आणि पडदा अंधाराच राहिला. त्यांनी पुन्हा डावीकडे फिरवलं, पुन्हा उजवीकडे. वायरी हलवल्या. गावातला दुरुस्तीवाला आला, त्याने झाकण उघडलं, आतली धूळ पाहून लावलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा काका नव्या कॉम्प्युटरच्या मागे उकिडवे बसले होते. हातात ताईत. ते तो एका बाजूने लावून पाहत होते, मग दुसऱ्या बाजूने.

"याले भोकच नाई," ते म्हणाले.

मामाने त्यांना मुदत दिली. लग्नसराई तीन आठवड्यांवर होती. "पह्यली पत्रिका येईस्तोवर या नव्यावर हात बसवा, काका. बसला तर तुमी हायेच. नाई बसला तर मंग आराम करा, पोरगी हाये." ही पोरगी तेव्हा बाजूच्याच स्टुलावर बसून मराठी आकड्यांचा तक्ता पाठ करत होती.

ते आठ दिवस मला आठवायला आवडत नाहीत. जो माणूस अंधाऱ्या पडद्यावर पानंच्या पानं उतरवायचा, तो आता कोंबडी दाणे टिपते तसा एका बोटाने एकेक अक्षर शोधत होता. बोटं सवयीने जुन्या जागी जायची आणि 'श्री'च्या जागी भलतंच काही उमटायचं. पांढऱ्या पडद्याने डोळ्यांतून पाणी यायचं. "उन्हात बसल्यावानी वाटते," म्हणायचे, आणि रुमालाने डोळे पुसून पुन्हा वाकायचे. एकदा त्यांनी अर्धा तास खपून स्वतःचं नाव लिहिलं आणि मला विचारलं, "बरोबर हाय ना?" ज्याच्या पानात चूक नसायची, तो मला विचारत होता. मला. चिख्लीवालीला.

दुपारी काका जेवायला घरी जायचे तो एक तास मी वापरायला लागले. दयेने नाही, आधी तर लाजेनेच. कीबोर्ड आणि पडदा यांच्या मध्ये बसणारा एक छोटा प्रोग्राम लिहायचा, असं ठरवलं. काकांनी जुन्या जागी बोट ठेवावं आणि त्याने नव्या पद्धतीचं अक्षर उमटवावं. जुन्या कीबोर्डचा नकाशा मी काकांच्या बोटांवरून काढला. ते टेबलावर बोटं वाजवायचे तेव्हा मी विचारायचे, "काका, 'भ' कुठे होता?" त्यांना सांगता यायचं नाही. ते डोळे मिटून हवेत 'भारत' टाइप करायचे आणि कोणतं बोट हललं ते सांगायचे.

अर्धा ण आणि काना मिळून पूर्ण ण करायला मला दोन दिवस लागले आणि तो झाला तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली. पडदा काळा केला, अक्षरं हिरवी केली. चुकीचं बटण दाबलं की जुनं यंत्र टुक् असा आवाज करायचं, तोही घातला. वेलांटीचाही नियम केला: आधी वेलांटी दाबली तर ती पुढच्या अक्षराला द्यायची. चिखली लिहून पाहिलं. विवाह, दिनांक, ठिकाण, मित्र. सगळं बरोबर आलं. पदवीच्या चार वर्षांत मला स्वतःबद्दल एवढं चांगलं कधी वाटलं नव्हतं.

काकांना काही न सांगता मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि "जुन्यासारखं करून पाहा" म्हटलं. त्यांनी एक ओळ टाइप केली. थांबले. मॉनिटरच्या खाली बटण शोधलं, पडदा अंधारा केला आणि सबंध पान घातलं. मग पान न वाचताच म्हणाले, "आवाजबी तोच हाय." बस, एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी मला बशीतला नाही, कपातला चहा दिला.

पहिली पत्रिका हरिभाऊ नावाच्या गृहस्थांच्या मुलीची होती. जाडजूड, मिश्यांचे, डोणगावकडचे. काकांनी मजकूर वीस मिनिटांत उतरवला. वरचं 'शुभविवाह' तर तयार चित्रातून यायचं. मग राहिलं तपासणं. छापखान्यात त्याची रीत अशी: एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नमुन्यावर बोट ठेवून सोबत चालायचं आणि ओळ बरोबर असली की 'हं' म्हणायचं.

काका वाचत होते. म्हणजे म्हणत होते. इतक्या वर्षांत पत्रिकेचा मजकूर त्यांना आरतीसारखा झाला होता. माझं बोट दुसऱ्या ओळीवर असायचं आणि ते चौथ्या ओळीत. थांबा म्हणायला हवं होतं. पण थांबा म्हणणं म्हणजे मला मराठी भरभर वाचता येत नाही हे सांगणं. म्हणून मी ओळ संपली की हं म्हणत गेले. हं. हं. हं. तीनशे पत्रिका छापल्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरिभाऊ आले आणि त्यांनी मामाच्या टेबलावर एक पत्रिका ठेवली.

"वाचा."

मामाने वाचलं. "'आपण सहपिरवार उपिस्थत राहावे.'"

"लग्न हाय का उरूस हाय आमच्या घरी? हे पीर कोठून आले?"

"अहो, ते..."

"अन् हे कोन? निमंत्रक, हिरभाऊ! साठ वर्सं झाली मी हरिभाऊ हाय. व्याही म्हनाले, तुमाले आपलं नाव तं लिहिता येते ना?"

"बसा, हरिभाऊ. चहा घ्या."

"चहा घेतो. पन पीर काढा आधी."

मामा काकांकडे वळला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "काका, म्हनलो होतो ना मी. नाई होत आता तुमच्यानं. जा घरी. आराम करा."

काकांनी पत्रिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, दूर नेली. चष्म्याचं घर खिशात टाकलं, फडक्याने कीबोर्ड पुसला, फडकं घडी करून ठेवलं आणि दाराशी जाऊन चपलेत पाय घालायला लागले.

मला तोवर कळलं होतं. चिखली, विवाह, दिनांक, ठिकाण, मित्र: मी तपासलेल्या प्रत्येक शब्दात वेलांटी पहिल्याच अक्षराला होती. माझा नियम तिथेच चालत होता; शब्दाच्या मध्ये वेलांटी आली की प्रोग्राम ती आधीच्या अक्षराला चिकटवत होता. मी गप्प बसले असते तर कोणालाही कळलं नसतं. खुर्ची मला मिळाली असती, आणि मी त्यासाठीच आले होते.

असं काही बोलायची वेळ आली की मी वाक्य आधी इंग्रजीत तयार करते आणि मग मराठीत आणते. वाटेत काय होतं कोण जाणे. मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मामा, चूक माझ्या डोक्यात आहे."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"हाव का?" हरिभाऊ काळजीने म्हणाले. "मंग डाक्टरले दाखवलं का?"

"म्हणजे प्रोग्राममध्ये आहे. मी लिहिलेल्या. काकांनी बरोबर टाइप केलं. आणि तपासताना मी नुसतंच हं म्हटलं. मला तेवढ्या वेगाने वाचता येत नाही. मराठी." शेवटचा शब्द मी जमिनीला सांगितला.

काकांचा एक पाय चपलेत होता. "तिची एकटीची नाई," ते म्हणाले. "तिचा 'हं' मांगून येऊन राह्यला होता. मले आयकू येत होतं. मी थांबलो नाई. पंधरा दिवसांनी हात मोकळे झाले होते, मस्ती आली."

मामाने दोघांकडे पाहिलं. "कोनाची चूक हाय ते मंग भांडा. पत्रिका कोन नीट करते?"

काका चप्पल काढून परत आले. मी त्यांना पडद्यावर दाखवलं: ह, मग वेलांटी, मग र. प्रोग्राम वेलांटी 'ह'ला देतोय. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"अवं, वेलांटी म्हंजे करवली. पुढं चालते, पन असते कोनाची? मांगून येनाऱ्या नवरीची. तू तिले पुढं चालनाऱ्या बाईजवळ देऊन टाकली."

"मग काय करू?"

"थांबव तिले. नवरी येऊ दे. आली की तिच्या बाजूले उभी कर. अन् नवरी जोडीनं आली, 'स्थ'सारखी, तं दोघीबी आत येईस्तोवर थांब."

चार वर्षं मला जे कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं, ते एका हातात चहा आणि एका हातात पीर घेतलेल्या हरिभाऊंसमोर मला कळलं. अर्ध्या तासात नियम बदलला. काकांनी मजकूर पुन्हा घातला. या वेळी वाचताना ते प्रत्येक शब्दाला थांबत होते आणि मी प्रत्येक शब्दाला खरंखुरं हं म्हणत होते. 'हरिभाऊ' आलं तेव्हा हरिभाऊंनीही हं म्हटलं. संध्याकाळच्या आत नव्या तीनशे पत्रिका बांधून ते गेले.

मामा त्यानंतर आठवडाभर पाहत राहिला. काका काळ्या पडद्यासमोर, मी स्टुलावर, आणि मला काम काही नाही. शेवटी त्याने दोघांच्या समोरच विचारलं, "म्हंजे आता काकाचंच भागते. मंग तुया काय उपयोग?"

प्रश्न योग्य होता. ज्यांच्या जागी बसायचं त्यांना मी त्याच जागी पक्कं बसवलं होतं, आणि स्वतःला प्रोग्राम लिहून बेकार केलं होतं. एवढं नेमकं काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही.

"जाऊ दे तिले पुन्याले," काका मान न वळवता म्हणाले. "अथी काय काम हाय तिचं?"

मला लागलं. मामा बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "काका, मी इथे का आले होते, तुम्हाला माहीत नाही."

"पह्यल्या दिवशीच ठाऊक होतं. छापखान्यात दुसरी खुर्ची कायले लागते, हे समजाले पदवी लागते का?"

"मग मला शिकवलं का सगळं?"

त्यांनी ओळ पूर्ण केली. "जागा घ्याले आलेलं मानूस येवढं भेत नाई. मले वाटलं, चुकून आली असंन."

मी पुण्याला गेले. सहाव्या मुलाखतीत स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर मी वेलांटीबद्दल सांगितलं. करवली, नवरी, काळा पडदा, आवाज, सगळं. समोरच्या तिघांपैकी एकाने लिहून घेत विचारलं, "हे वापरतात किती जण?"

"एक," मी म्हणाले.

ते हसले. एकाने विचारलं, त्या एकाच्या काही तक्रारी? मी म्हटलं, रोज असतात. मग सगळेच हसले. मी पण हसले, आणि पाचव्या वेळेसारखी उठून न येता शेवटपर्यंत बसले.

बाहेर आले तर फोनवर काकांचे चार मिस्ड कॉल होते. मी फाटकाशी उभं राहून लावला.

"अवं, 'ज्ञ' येऊन नाई राह्यला," काका म्हणाले. "शाळेचं काम हाय, विज्ञान प्रदर्शन. हेडमास्तर समोर बसले हायेत." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "घेतलं का तुले?"

"नाही बहुतेक. कळवतो म्हणाले."

"बरं झालं," काका म्हणाले. "मंग येळ हाय तुयाजवळ. कागद घे, अजून तीन गोष्टी हायेत."